तबल्यावर तू बसू नकोस

अंबाजोगाई,
१२ जुलै

चि. राजास अनेक उत्तम आशीर्वाद.

शाळेत संगीत शिक्षक म्हणून नवा लागलास आणि परवा फोनवर म्हणालास, "आई, साठ लेकरं आणि साठ पट्ट्या, प्रत्येकाचा सा वेगळा. पंधरा ऑगस्टला काय करू?" आणि रेंज गेली. परत लावलास तेव्हा मेसचं आणि खोलीभाड्याचं बोलत बसलास. मी फोनवर सांगितलेलं तू अर्धं ऐकतोस आणि उरलेलं "हो गं आई" म्हणून घालवतोस, म्हणून लिहूनच पाठवते. सगळं एका बैठकीत वाचलं नाहीस तरी चालेल. पहिला मुद्दा मात्र आजच वाच.

तबल्यावर तू बसू नकोस.

लगेच तोंड पाडू नकोस. तुझा हात चांगला आहे हे मीच चारचौघांत सांगत असते. पण विशारदच्या परीक्षेला तुला एकट्याला बसवलं होतं. समोर परीक्षक, शेजारी पेटीवर लेहरा, म्हणजे तालापुरती एकच धून, धरणारा एक माणूस, आणि मध्ये तू. पेशकार, कायदे, रेले, एकट्या तबल्याचं सगळं विचारलं. साठ जणांकडून एकत्र कसं गाऊन घ्यायचं हे कोणी विचारलं का? विष्णु दिगंबर पलुस्करांनी ५ मे १९०१ ला लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं आणि गुरूच्या घरात अडकलेली विद्या वर्गात आणली. फार मोठं काम ते. तरी आपल्याकडे वर्गात शिकलेलाही शेवटी बैठकीत एकटाच बसतो. शाळेतलं समूहगान हे निराळंच काम आहे आणि त्यात तुझे हात मोकळे पाहिजेत, कान त्याहून मोकळे. तू डग्ग्यावर घुमारा काढत बसलास की तुला तुझाच ठेका ऐकू येणार. तिसऱ्या रांगेतली पोरगी सुरावरून घसरलीय, डावीकडची पोरं पुढं पळतायत, हे तुला कळणारच नाही.

तबला लेकरांतल्या कोणाला तरी दे. केहरवा आणि दादरा हे दोन ताल हाताला बसले की शाळेचं वर्ष निघतं. ठेका तुझ्यासारखा गोड येणार नाही, मध्येच तिहाई मारायची हौसही येईल त्याला. येऊ दे.

गाण्याचंही तेच. ओळ सांगायची, आणि लेकरं म्हणायला लागली की आपण तोंड मिटायचं. पुष्कळ संगीत शिक्षक लेकरांबरोबर स्वतःच खड्या आवाजात गातात आणि गाणं छान बसलं म्हणून खूश होतात. बसलेलं असतं ते त्यांचं स्वतःचं. ते स्टेजवरून बाजूला झाले की दुसऱ्या कडव्याला सगळी फौज गप्प. तुझी नेमणूक ऐकायला झालीय असंच समज. वाजवायचं असेल तर रात्री खोलीवर वाजव, घरमालकाची परवानगी काढून.

आता लेकरं कशी निवडायची. "कोणाला गाता येतं?" असं वर्गात विचारू नकोस. दर वर्षी त्याच चार-पाच मुली हात वर करतात, बाकीचे त्यांच्याकडे बघून हसतात आणि तुझी निवड तिथंच संपते. वेगळं विचार. सप्ताहात टाळ कोण धरतं? घरी पखवाज कोणाच्या आहे? १४ एप्रिलला भीमगीतं कोण म्हणतं? उरुसात कव्वालीच्या मागं टाळ्या कोण देतं? पंचमीला फेर कोण धरतं? आणि हलगी कोणाला येते? बघ मग किती हात वर होतात ते.

आपल्या भागातली लेकरं शाळेत येण्याआधीच समूहात गायला शिकलेली असतात. बारा वर्षांचं पोरगं टाळकऱ्यांच्या रांगेत उभं राहतं, पावली टाकतं, बुवांच्या तोंडाकडे बघत असतं आणि बुवांनी चरण सोडला की धृपद, म्हणजे पालुपद, बरोबर उचलतं. ना कागद, ना कोणी मोजून दिलेलं एक-दोन-तीन. औशाच्या नाथ संस्थानाचं चक्री भजन तू लहानपणी पाहिलंयस. फिरत फिरत गायचं, आणि पाय, टाळ, शब्द यांतलं काही मागं राहू द्यायचं नाही. पंचमीच्या फेरात अर्ध्या बाया ओळ टाकतात, अर्ध्या उचलतात, आणि ओळ संपायच्या आत दुसऱ्या बाजूनं श्वास घेतलेला असतो. परदेशातल्या शाळांत ज्याच्यासाठी तास ठेवतात ते हेच. आपल्याकडे ते ओट्यावर, पारावर फुकट मिळतं, फक्त ते शाळेच्या फाटकाबाहेर ठेवायची आपल्याला सवय लागलीय. आपेगावच्या शंकरबापूंचा पखवाज पद्मश्रीपर्यंत गेला, १९८६ ला. गाव इथून किती लांब आहे ते तुला सांगायला नको.

हलगीचं विचारल्यावर एखादं लेकरू खाली बघेल. का बघतं ते तुला माहीत आहे. त्याला नंतर एकटं गाठून विचार, आणि वाजवत असेल तर हलगी पहिल्या रांगेत आण. कोणी कुरकुर केली तर "चालीला हलगीच लागते" एवढंच म्हण. भाषण देऊ नकोस. भाषणानं त्या पोराकडेच सगळे बघायला लागतात.

आता तुझ्या साठ पट्ट्या. आठवी ते दहावी हे वयच आवाजाचं सरळ चालू देत नाही. पोराचा आवाज फुटतो तेव्हा तो जवळजवळ एक अख्खं सप्तक खाली जातो. कोणाचा काही महिन्यांत उतरून मोकळा होतो, कोणाचा वर्ष-दीड वर्ष छळतो. मधल्या काळात त्याला धड वर जाता येत नाही, धड खाली. हातात पाच-सहा सूर उरतात आणि तेही रोज जागा बदलतात. पोरींचा आवाजसुद्धा बदलतो, पण थोडा. काही दिवस त्यात हवा जास्त आणि सूर कमी असा लागतो. एवढं झालं तरी घाबरायचं नाही आणि त्यांना ओरडायला लावायचं नाही.

दुसरी अडचण म्हणजे तुझा स्वतःचा गळा. तू काळी एकमध्ये, म्हणजे पेटीच्या पहिल्या काळ्या पट्टीला सा धरून, ओळ सांगितलीस की ती पोरींच्या आणि आवाज न फुटलेल्या पोरांच्या एक सप्तक खाली पडते. मोठ्यांना हे कळतं, लेकरांना कळत नाही. ती सरांसारखं गायचं म्हणून हनुवटी छातीला लावतात आणि गुरगुरतात. तुला वाटतं बेसूर आहेत. बेसूर कुठली, तुझी नक्कल करतायत. माझ्याकडे ही अडचण नव्हती, बाईचा आवाज लेकरांच्या जवळ पडतो. तुझ्यासारख्यानं नमुन्याची ओळ नववीतल्या एखाद्या चांगल्या गळ्याच्या पोरीकडून म्हणवून घ्यावी. तिला पेटीवर सूर दे आणि बाजूला हो. तिची ओळ बघ कशी साठ गळ्यांत उतरते.

पट्टी आधी ठरवून गाणं हातात घेऊ नकोस. गाण्यातला सगळ्यात खालचा आणि सगळ्यात वरचा सूर शोध, आणि ती दोन टोकं पेटीच्या मधल्या पांढरी एकपासून वरच्या पांढरी दोनपर्यंतच्या जागेत बसतात का बघ. पोरींना आणि लहान पोरांना तेवढी जागा सोयीची असते. आवाज फुटलेली पोरं तीच चाल एक सप्तक खाली म्हणतील. अधेमधे अडकलेल्यांना सगळं गाणं द्यायचंच नाही. धृपदातला त्यांच्या गळ्यात बसेल तेवढा तुकडा त्यांचा, बाकी वेळ त्यांनी ओठ मिटून सा धरायचा. सात-आठ पोरांनी असा सा धरला की वरच्या गाण्याला बूड येतं, आणि त्या पोरांनाही आपण फुकट उभे नाही हे कळतं.

माझ्या वर्गात नववीतला एक पोरगा होता. गायला सांगितलं की ओठ घट्ट मिटून उभा राहायचा. पेटीवर कोणताही सूर दिला तरी त्याच्या गळ्यातून एकच काहीतरी यायचं, आणि पोरं हसायची. मी त्याला मधल्या सुट्टीत बोलावलं. म्हटलं, शेताच्या त्या टोकाला बाप आहे, तू या टोकाला आहेस, जेवायला बोलाव. आधी लाजला. मग म्हणाला, "ओ दादाऽऽऽ". चांगली लांब हाक. त्या हाकेचं शेपूट जिथं टेकलं तो सूर मी पेटीवर शोधला. खालची काळी तीन निघाली. म्हटलं, हा तुझा सा. आता मी तुझ्याबरोबर येते. त्याच सुरावर "दादा" म्हणवून घेतलं, मग एक सूर वर, परत खाली, मग दोन वर. त्याचे डोळे मोठे झाले. तोवर सगळ्यांनी त्याला पेटीकडे ओढलं होतं, पेटी त्याच्याकडे कधी गेली नव्हती. पुढं रोज थोडं थोडं अर्ध्या सुरानं सरकवत गेले. गवई वगैरे झाला नाही. पण २६ जानेवारीला मागच्या रांगेत उभा राहून खालच्या सप्तकात पूर्ण गाणं म्हणाला आणि कुठं हलला नाही.

"तुला सूर नाही, तू नुसते ओठ हलव" असं लेकराला सांगणारे शिक्षक मी पाहिलेत. अशा माणसाच्या हातात पेटी देऊ नये इतकं माझं मत कडक आहे. ते वाक्य लेकरू म्हातारं होईस्तोवर विसरत नाही. पन्नाशीच्या बाया मला येऊन सांगतात, "आमच्या बाईंनी सांगितलं होतं मला गळा नाही म्हणून." भजनी मंडळात मागं बसतात, टाळ वाजवतात आणि तोंड उघडत नाहीत.

सराव कसा घ्यायचा. तुझी तासिका पस्तीस मिनिटांची. हजेरी, दंगा, पाणी पिऊन येतो सर, हे जाऊन पंचवीस उरतात. गाणं पहिल्या ओळीपासून सुरू करू नकोस. जी ओळ सगळ्यात अवघड तिथून कर, म्हणजे ताजा गळा तिला मिळतो. एका वेळी एकच गोष्ट दुरुस्त कर, सूर किंवा शब्द किंवा लय. थांबव वारंवार, पण बोल कमी. आवाज चढवू नकोस; तू हळू बोललास तर ती ऐकायला गप्प होतात, मोठ्यानं बोललास तर ती आणखी मोठ्यानं बोलतात. शब्द फळ्यावर लिही आणि रोज एक-एक ओळ पुसत जा. आणि महिन्यातून एकदा मोबाईलवर रेकॉर्ड करून त्यांनाच ऐकव. तू सांगून पटत नाही ते रेकॉर्डिंग पटवतं.

दोन आवाजांचं काहीतरी बसवावं असं तुझ्या मनात आहे, ते मला कळलं. पुण्याच्या शिबिरातून आल्यापासून तुझं हेच चाललंय. घाई नको. संगीतकार वसंत देसाई यांनी "एक सूर एक ताल" म्हणत हजारो शाळकरी लेकरांना एकाच वेळी गायला लावलं, तेसुद्धा एका सुरात. साठ गळे खरोखर एका सुरावर आले तर तेच अंगावर काटा आणतं. तरी कान तयार करायला एक खेळ सांगते. सरळ अलंकार घे, सारेगमपधनिसा. पहिला गट ग वर पोचला की दुसऱ्यानं सा धरायचा. वर जाताना कायम ग-सा, म-रे, प-ग अशी जोडी चालते आणि लेकरांना पहिल्यांदा ऐकू येतं की दोन वेगळे सूर एकत्र गोड लागू शकतात. पहिला गट वरचा सा घेऊन खाली फिरला की नि वर दोघांची गाठ पडते. तिथं हमखास कोणीतरी दुसऱ्याच्या मागं निघून जातं आणि हसू फुटतं. हसू दे, पुन्हा सुरू कर. कान बंद करून आपला गट सांभाळायचा नाही, दुसऱ्याचं ऐकत सांभाळायचा, एवढंच त्यांना कळायला हवं.

शिबिरात शिकवलेल्या हाताच्या खुणाही वापर. इंग्लंडमधल्या जॉन कर्वेनच्या त्या, पुढं हंगेरीत संगीतकार कोडायनं उचलल्या. मूठ म्हणजे त्यांचा "डो", आपला सा; आडवा पालथा पंजा म्हणजे त्यांचा "मी", आपला ग. त्यांचा डो आपल्या सा सारखाच हलता आहे, कोणत्याही पट्टीवर बसतो, म्हणून त्या खुणा सारेगमला विनातक्रार चालतात. मागच्या रांगेतल्या पोराला तुझा आवाज पोचत नाही, हात पोचतो.

आता राष्ट्रगीत. पूर्ण राष्ट्रगीताला अंदाजे ५२ सेकंद ठरलेले आहेत. मोबाईलवर सेकंद लावून बघ, तुझी लेकरं मिनिटाच्या पुढं जातील. लय मुद्दाम कोणी ओढत नाही, प्रत्येक ओळीच्या शेवटी जो तो आपापल्या सोयीनं श्वास घेतो आणि ओळ लांबते. श्वास कुठं घ्यायचा ते ठरवून दे, तिथं हात वर कर, म्हणजे सगळे एकदम घेतील. निम्मं दुखणं तिथंच बरं होतं. चाल फार वर जात नाही, पण शेवटी लागोपाठ येणाऱ्या तीन "जय हे"तल्या पहिल्याला वरच्या सा वर चढते. तिथं पोरी किंचाळल्या तर समज पट्टी वर झाली, पोरं गायब झाली तरीही तेच. शेवटच्या "हे"ला मूठ मिटून एकदम थांबव, नाहीतर तो पांगत जातो.

आणि एक गंमत तुझ्या लक्षात आली नसेल. पी.टी.चे सर "एक साथ राष्ट्रगीत शुरू कर" म्हणून ओरडतात ना, लेकरं त्यांच्या त्या शेवटच्या "कर"चा सूर उचलतात! तो तुझ्या पेटीत कुठंच नसतो. त्यांच्याशी गोडीनं बोल. आदेश त्यांचा, त्यानंतर दोन सेकंद पेटीचा सा, मग तुझा हात. शाळेतला पी.टी.चा माणूस आपल्या बाजूनं असला तर अर्धी शिस्त आयती मिळते. बँडपथक त्यांच्याकडेच राहू दे. साइड ड्रम आणि बिगुल यांच्यात तू पहिल्या वर्षी हात घालू नकोस.

राज्यगीताचं वेगळं दुखणं. १९ फेब्रुवारी २०२३ पासून ते राज्यगीत झालं, पण लेकरांनी ते त्याआधीपासून लाउडस्पीकरवर शाहीर साबळ्यांच्या आवाजात ऐकलेलं आहे. त्या आवाजासारखं गायला जातात आणि दुसऱ्या कडव्यापर्यंत गळे बसतात. श्रीनिवास खळ्यांची चाल नीट बघ, जोर शब्दांच्या आघातात आहे, ओरडण्यात नाही. ते एकदा अगदी हळू आवाजात, पण शब्द चावून म्हणवून घे. मग आवाज सोडायला सांग. १५ ऑगस्टनंतर महिन्याभरानं १७ सप्टेंबर येतो. मुक्तिसंग्राम दिनाला तेच गाणं पुन्हा उभं राहील, आणि दुसऱ्या वेळी ते पहिल्याहून चांगलं होतं. म्हणून १५ ऑगस्टला तीन-चार गाणी कोंबू नकोस. राष्ट्रगीत, राज्यगीत आणि एक समूहगीत, बास. मुख्याध्यापक "अजून एखादं घ्या" म्हणाले तर मान हलव आणि घेऊ नकोस.

शाळा सुटल्यावर थांबवून सराव घ्यायचं डोक्यातून काढ. पोरींना एस.टी. गाठायची असते. उशीर झाला की घरून एकदा विचारतात, दुसऱ्यांदा गाणंच बंद करतात. तुझा खरा वेळ परिपाठाचा आहे. रोजची प्रार्थना म्हणजे अख्ख्या शाळेचा दहा मिनिटांचा सराव, आणि तो कोणाकडे मागावा लागत नाही. सोमवारी श्वास, मंगळवारी शेवटचे शब्द, असं काहीतरी एकेका दिवशी त्यातच उरकून घे. दहावीच्या पालकांना मात्र सरळ सांग की शास्त्रीय संगीताच्या ठरलेल्या परीक्षा पास झालेल्यांना एस.एस.सी.ला वाढीव गुण मिळतात. नियम आधी नीट वाचून घे, मग सांग. पालकांची भाषा गुणांची आहे, त्याला नाक मुरडून उपयोग नाही.

सगळ्यात महत्त्वाचं आता सांगते, कारण तुझ्या लक्षात ते दिवाळीनंतर आलं असतं. धारूर-वडवणी भागातली तुझी लेकरं. दिवाळीच्या मागंपुढं ऊसतोडीच्या मुकादमाच्या गाड्या लागतील आणि आईबापांबरोबर काही लेकरं साखर कारखान्यावर जातील. काही आजीपाशी राहतील, काही वसतिगृहात. पट्टा पडल्यावर, म्हणजे हंगाम संपल्यावर, मार्च-एप्रिलात, परत. गॅदरिंग असतं डिसेंबर-जानेवारीत. म्हणजे जून-जुलैपासून तू ज्याला तबल्यावर बसवलंस, जिच्याकडून नमुन्याची ओळ म्हणवून घेतलीस, ती दोघंही गॅदरिंगला नसण्याची शक्यता धर. पुष्कळ शिक्षक यावर उपाय म्हणून त्या लेकरांना घेतच नाहीत. "जाणारच आहे, कशाला तयार करायचं." असलं काही करू नकोस. त्यापेक्षा तुझा मोठा कार्यक्रम दिवाळीच्या आधी घे. घटस्थापनेनंतर, सहामाही उरकली की, शाळेच्याच ओट्यावर, मांडव-बिंडव नको. आईबाप तेव्हा गावात असतात, त्यांना बोलाव. गॅदरिंगला उरलेल्यांचं वेगळं बसव, आणि तसाही गॅदरिंगचा सगळा वेळ रेकॉर्ड डान्सच खातात. प्रत्येक जागेला दोन लेकरं तयार ठेव. एक गेलं तर दुसरं बसतं, आणि पहिलं परत आलं की त्याची जागा त्याला परत मिळाली पाहिजे. हे आधीच सगळ्यांसमोर सांगून ठेव. जाणाऱ्या लेकराला जाताना गाण्याचे शब्द वहीत लिहून दे. फडावर मोबाईल असतोच, पेटीवर चाल वाजवून पाठवता येते.

बाकी बारीकसारीक. उंच लेकरं मागं हे फोटोवाल्याचं शास्त्र आहे, ते तू पाळू नकोस. डळमळणाऱ्या गळ्याच्या दोन्ही बाजूंना पक्के गळे उभे कर. सगळ्यात मोठा आवाज पुढच्या रांगेत मध्ये नको, टोकाला. हलगी १५ ऑगस्टच्या ओल्या हवेत उतरणारच, शेकायची सोय शिपाईमामांशी आधी बोलून ठेव आणि जाळाजवळ स्वतः उभा राहा. शाळेच्या पेटीचा भाता उंदरांनी खाल्लाय म्हणालास. दुरुस्तीचं बिल वेतनेतर अनुदानात बसतं का ते क्लार्कला विचार, पण चहा पाजून विचार. तू नवा आहेस.

तोवर आपली घरची पेटी पाठवते. रविवारी बाबा येतायत, त्यांच्याबरोबर सकाळच्या गाडीनं. स्टँडवर उतरून घ्यायला ये, त्यांची कंबर धरलीय, त्यांना उचलू देऊ नकोस. पेटीबरोबर मेतकूट आणि शेंगदाण्याची चटणी आहे.

तुझी,
आई

ता. क. मधल्या सप्तकातली काळी चार पावसात चिकटते. जोरात दाबू नकोस. झाकण काढून पट्टीखालची धूळमाती ब्रशनं साफ केली की चालते. आणि ती पेटी वर्गात ठेवून घरी जायचं नाही, रोज खोलीवर आणायची.